टीव्हीला काय जोडावं: पेनड्राइव्ह, एचडीएमआय, वायरलेस की तीच जुनी पिवळी वायर?

गावाकडं गेलो की जेवणाचं ताट यायच्या आधी कुणीतरी विचारतंच, “ह्याच्यातलं टीव्हीवर दिसंल का?” ‘ह्याच्यात’ म्हणजे कधी फोन, कधी गाण्यांचा जुना एमपीफोर प्लेयर, एकदा तर पुण्याहून आलेला आयपॉड, म्हणजे ॲपल कंपनीचा गाण्यांचा प्लेयर. बरेचजण आधी वायर आणतात आणि मग टीव्हीच्या मागं बघतात. उलटं करा. बॅटरी लावून टीव्हीच्या पाठीमागं बघा, जी भोकं दिसतील त्यांचा फोटो काढा आणि मगच लातूरच्या गंजगोलाईत नाहीतर तुमच्या तालुक्याच्या बाजारात जा.

टीव्हीला यूएसबी असेल तर माझं मत सरळ आहे: आधी पेनड्राइव्ह लावून बघा. सप्ताहातलं कीर्तन, लग्नाचं शूटिंग, पोरांचं गॅदरिंग असल्या घरच्या फायलींना याहून स्वस्त आणि बिनघोर काही नाही. रेंज लागत नाही, फोन अडकून पडत नाही, आणि लाईट जाऊन आली तरी रिमोटनं पुन्हा तिथंच जाता येतं. फोनच थेट टीव्हीच्या यूएसबीत खुपसला तर मात्र बहुतेक वेळा तो नुसता चार्ज होतो, कारण फोन स्वतःला पेनड्राइव्हसारखा दाखवत नाही. जुने एमपीफोर प्लेयर दाखवतात, त्यामुळं ते पुष्कळदा चालून जातात. आयपॉडचं तिसरंच. त्यात गाण्यांच्या फायलींची नावं बदलून चार-चार अक्षरांची केलेली असतात. टीव्हीनं यादी दाखवलीच तरी त्यात भीमसेन कुठले आणि भारूड कुठलं, कळायला मार्ग नाही.

पेनड्राइव्ह दोन ठिकाणी अडतो. एक, तो फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर बसतच नाही. लग्नाची सलग तीन तासांची फाईल कॉपी होईना म्हणून लोक पेनड्राइव्हला शिव्या देतात. एक्सफॅट या नव्या पद्धतीनं फॉरमॅट केलं की फाईल बसते, पण जुना टीव्ही ते वाचेलच असं नाही. मग फाईलचे तुकडे करणं बरं. दुसरी अडचण आवाजाची. चित्र येतं आणि खाली ‘ऑडिओ नॉट सपोर्टेड’ अशी पाटी येते. आवाज डीटीएस प्रकारचा असला की पुष्कळ टीव्ही असं करतात. शूटिंगवाल्याला आधीच सांगा: फाईल एमपीफोर, चित्र एच.२६४, आवाज एएसी. एवढे तीन शब्द कागदावर लिहून दिले तरी पुढचे चार फोन वाचतात.

आता एचडीएमआय. चित्र आणि आवाज एकाच वायरीतून, १०८० ओळींचं चित्र, काही सेटिंग नाही. लॅपटॉप असेल तर दुसरा विचारच करू नका. कॅमेऱ्याला आणि टॅबला त्याच भोकाची बारकी भावंडं असतात, मिनी आणि मायक्रो, तेव्हा वायर घेताना वस्तू सोबत न्या. खरा गोंधळ आहे फोनचा. टाइप-सी भोक दिसलं म्हणून टाइप-सी टू एचडीएमआय अडॅप्टर चालेलच असं अजिबात नाही. त्या भोकातून चित्र बाहेर काढायची सोय फोनमध्येच असावी लागते. फोनच्या माहितीत ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द सापडतो का, ते बघा. सॅमसंगच्या एस मालिकेत एस८ पासून ती सोय आली, आयफोनमध्ये २०२३ च्या १५ पासून; दहा-बारा हजारांच्या फोनमध्ये बहुधा नसतेच. तेव्हा दुकानातल्या टीव्हीला लावून दाखवा म्हणायचं. दुकानदार कुरकुरला तर पुढचं दुकान.

वायरलेसमध्ये लोक दोन वेगळ्या गोष्टींना एकच समजतात. कास्ट करणं म्हणजे फोन टीव्हीला नुसता पत्ता सांगतो. व्हिडिओ टीव्ही स्वतः नेटवरून ओढतो. त्याला फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर लागतात, आणि दिवसाला दीड-दोन जीबीचं पॅक असेल तर एचडी सिनेमाचा मध्यंतर गाठायच्या आत ते संपू शकतं. मिररिंग म्हणजे फोनचा पडदा जसाच्या तसा टीव्हीवर. २०१२ साली आलेल्या मिराकास्टवर ते चालतं आणि त्याला राउटरही लागत नाही, नेटही नाही. फोन आणि टीव्ही आपसातच बोलतात. म्हणजे जिथं रेंजसाठी माळवदावर चढावं लागतं, अशा वाडीवरही फोनमध्ये साठवलेलं कीर्तन बिनवायरचं टीव्हीवर दिसतं. हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. आयफोनला मिराकास्ट चालत नाही, त्याचं स्वतःचं एअरप्ले आहे. आणि पैसे भरून बघायची काही ॲप मिररिंगमध्ये मुद्दाम काळा पडदा दाखवतात, तिथं डोकं आपटू नका. शिवाय मिररिंगमध्ये फोनवर येणारं सगळंच टीव्हीवर येतं. आमच्याकडं भरल्या बैठकीत, ऐन अभंगाच्या वेळी, उधारीची आठवण करून देणारा मेसेज बेचाळीस इंची पडद्यावर उतरला होता. फोन आधी ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाका.

राहिली पिवळी वायर. ज्यांच्याकडं डबा टीव्ही आहे त्यांना वाटतं, आपलं काही होणार नाही. होतं. औसा तालुक्यात आत्याकडं असाच टीव्ही आहे आणि तिला गावच्या सप्ताहातलं कीर्तन बघायचं होतं. तो पुण्याचा आयपॉड २००५ सालचा, पहिला व्हिडिओवाला. त्याच्या हेडफोनच्या भोकातून चित्र बाहेर निघतं. (दोन वर्षांनी आलेल्या आयपॉड क्लासिकमध्ये त्या भोकातून ते बंद केलं. आजच्या फोनच्या हेडफोनच्या भोकातूनही चित्र निघत नाही, दुकानदार काहीही म्हणो.) बाजारातून साधी कॅमेऱ्याची वायर आणली, एका टोकाला तीन काळ्या पट्ट्यांची बारकी पिन, दुसऱ्या टोकाला पिवळी-पांढरी-लाल. रंगाला रंग लावला. पडदा काळा, आणि स्पीकरमधून भुंगा अडकल्यासारखा आवाज.

तो भुंगा म्हणजेच खूण. चित्राचा सिग्नल आवाजाच्या भोकात गेला की तसं होतं. त्या बारक्या पिनेवर चित्र कुठल्या पट्टीला द्यायचं, हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलंय. लाल पिन काढून पिवळ्या भोकात घातली आणि बुवा दिसले, पण काळेपांढरे आणि खालून वर सरकणारे. आत्या म्हणाली, “अरे, रंग कुठं गेले बुवांच्या फेट्याचे?” आयपॉड अमेरिकन पद्धतीनं एनटीएससी सिग्नल देत होता, ५२५ ओळींचा, आपल्याकडचा टीव्ही पाल पद्धतीचा, ६२५ ओळींचा. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये टीव्ही सिग्नल ‘पाल’ केला आणि फेटा केशरी झाला.

असा जुना प्लेयर नसेल तर डबा टीव्हीसाठी एचडीएमआय टू एव्ही नावाची काडेपेटीएवढी डबी मिळते; एव्ही म्हणजे हीच पिवळी-पांढरी-लाल भोकं. एचडीएमआयवाला कुठलाही प्लेयर तिला जोडता येतो. पण तिची जुळी बहीण आहे, एव्ही टू एचडीएमआय. रंग-रूप तेच, दिशा उलटी, आणि एकीचं काम दुसरी करत नाही. मला एका दुकानात उलटीच दिली होती आणि पुन्हा साठ किलोमीटरची चक्कर पडली. डबीवर ‘इनपुट’ हा शब्द एचडीएमआयच्या भोकाशी लिहिलेला आहे ना, तेवढं वाचा. तिला चार्जरमधून करंट द्यावा लागतो आणि बाजूला पाल-एनटीएससीचं बारकं बटन असतं. चित्र मात्र टीव्हीच्या ऐपतीइतकंच येणार. कीर्तनकाराचा चेहरा स्पष्ट, खाली लिहिलेली बारीक अक्षरं फिसकटलेली. टीव्हीत सारखा ‘गूं’ आवाज घुमत असेल तर प्लेयरचा चार्जर काढून बघा. पुष्कळदा दोष त्या स्वस्त चार्जरचा असतो.

नवा टीव्ही घ्यायचाच असेल तर ही डबी-बिबी काही घेऊ नका. ते पैसे ६४ जीबीच्या चांगल्या पेनड्राइव्हमध्ये घाला. आत्याला नवा टीव्ही नको होता. तिच्याकडं अजून लाल पिन पिवळ्या भोकातच आहे, आणि वर चिकटपट्टीनं चिठ्ठी लावलीय: ‘रंग चुकलेला नाही. कुणी सरळ करू नये.’