फिनलॅगन : तटबंदी नसलेली राजधानी

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील आयला बेटाच्या आत फिनलॅगन नावाचे एक शांत सरोवर आहे. त्यातील दोन लहानशा बेटांवरून मॅकडोनल्ड कुळाच्या प्रमुखांनी चौदाव्या आणि पंधराव्या शतकांत हेब्रिडीज बेटांचा व लगतच्या किनारपट्टीचा कारभार चालवला. आम्ही जेथे उतरलो होतो, तेथील यजमानांनी या स्थळासाठी अर्धा तास पुरेल असे सांगितले होते. आम्हाला साडेतीन तास लागले आणि तरीही पाय निघत नव्हता.

सरोवराच्या काठावरील माहिती केंद्र लहान आहे, परंतु ते आधी पाहावे. नॉर्स (स्कँडिनेव्हियन) आणि गेलिक (स्थानिक केल्टिक) अशा दोन्ही परंपरांत वाढलेला, या कुळाचा मूळपुरुष सॉमरलेड 1164 साली रेनफ्र्यू येथे मारला गेला, त्याच्या डोनाल्ड या नातवावरून कुळाला नाव मिळाले, आणि 1266 च्या पर्थ तहाने नॉर्वेच्या राजाने ही बेटे स्कॉटलंडला दिली, हा क्रम मनात असेल तर 1336 मध्ये कुळप्रमुख जॉनने स्वतःला ‘बेटांचा अधिपती’ म्हणवून घेण्याचा अर्थ नीट कळतो. स्कॉटलंडच्या राजाचा हा मांडलिक प्रत्यक्षात जवळजवळ स्वतंत्र राज्यकर्त्याच्या तोऱ्यात वागत होता.

केंद्रातून निघून लाकडी पायवाटेने ओलसर, गवताळ जमीन ओलांडली की आपण एलन मोर, म्हणजे मोठ्या बेटावर पोहोचतो. येथे सभागृह, चॅपेल (लहान प्रार्थनागृह) आणि इतर अनेक इमारतींचे अवशेष आहेत. त्यातील बहुतेक भिंतींचा आता केवळ पाया उरला असल्याने भव्य किल्ल्याच्या अपेक्षेने येणारा निराश होईल. मला मात्र सर्वांत अधिक विचार करायला लावले ते येथे नसलेल्या गोष्टीने: आधिपत्याच्या भरभराटीच्या काळात या मुख्य ठाण्याला तटबंदी नव्हती. ज्यांची सत्ता बिर्लिन नावाच्या, वल्ह्यांनी आणि शिडाने चालणाऱ्या जहाजांवर उभी होती, त्यांचे खरे संरक्षण भोवतालच्या समुद्रावर होते, हे त्या उघड्या माळावर उभे राहिल्यावर जसे उमगते तसे कोणत्याही नकाशावरून उमगत नाही. तेच जहाज चॅपेलमधील एका कोरीव थडग्यावर, चिलखती अंगरखा घातलेल्या पुरुषाच्या पायांखाली कोरलेले आहे. ते अवश्य शोधावे. कुळाचे प्रमुख आयोना बेटावर पुरले जात आणि त्यांच्या स्त्रिया व मुले येथे, अशी परंपरा सांगितली जाते. तेथील एका लहान शिळेजवळ मी बराच वेळ उभी होते.

त्यापलीकडे पाण्यात दिसते ते एलन ना कोअर्ले, म्हणजे सल्लामसलतीचे बेट. पूर्वी तेथे जाण्यासाठी दगडी बांध होता. आता ते काठावरूनच पाहावे लागते. डोनाल्ड मन्रो या धर्मगुरूने 1549 मध्ये लिहून ठेवल्याप्रमाणे बेटांतील चौदा प्रमुख मंडळी तेथे बसून न्यायनिवाडा करीत. युद्धांच्या कथा सर्वत्र सांगितल्या जातात, परंतु एवढ्या विखुरलेल्या प्रदेशाला बांधून ठेवणारी ही परिषद हेच या सत्तेचे वेगळेपण होते, असे माझे ठाम मत आहे. त्यामुळे तिचा शेवट अधिकच चटका लावतो: याच घराण्यातील दुसऱ्या जॉनने 1462 मध्ये इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याच्याशी स्कॉटलंडच्या राजाविरुद्ध केलेला गुप्त करार पुढे उघडकीस आला, त्याच्याकडील रॉस प्रदेशाचे अर्लपद (सरदारकी) गेले, आणि 1493 मध्ये आधिपत्यच जप्त झाले.

पोर्ट आस्केग येथील फेरीचा धक्का जवळच आहे, त्यामुळे बोटीच्या वेळेची सांगड घालता येते. जलरोधक बूट हवेतच, कारण बेटावर वाऱ्यापावसापासून आडोसा नाही. अवशेष पाहून झाल्यावर पुन्हा एकदा केंद्रात जावे. पहिल्या फेरीत नुसती चित्रे वाटलेल्या सभागृहाच्या आराखड्यात दुसऱ्या वेळी आपण स्वतः चालून आलेल्या जागा ओळखू येतात.