जुनी पाइपलाइन: उपसावी, तशीच सोडावी की भरून टाकावी?

फोंड्यातल्या एका सोसायटीच्या कमिटीने परवा बोलावलं होतं. आवारात नवी एचडीपीईची (प्लास्टिक पाइपाची) लाइन चालू झालीय. जुनी ६ इंची बिडाची (ओतीव लोखंडाची) लाइन ८० मीटर लांब, तिचे घरोघर गेलेले जी.आय.चे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) बारीक फाटे, सगळं जमिनीखाली पडून आहे. वर आता पेव्हर घालायचे आहेत. "पेव्हर बसले की परत खणणं नको, जुन्याचं काय ते आत्ताच सांगा," सेक्रेटरी म्हणाले. हा प्रश्न त्यांनी वेळेत विचारला याचं मला फार बरं वाटलं, कारण बहुतेक ठिकाणी तो रस्ता खचल्यावर विचारला जातो.

तिन्ही पर्यायांच्या आधी एक काम ठरलेलं आहे: जुनी लाइन चालू लाइनीपासून तोडायची. व्हॉल्व्ह बंद करणं म्हणजे तोडणं नव्हे. एका कुळागराच्या (सुपारी-माडांच्या बागेच्या) कडेच्या कामात आम्ही नुसता व्हॉल्व्ह फिरवला आणि माती लोटली. दोन वर्षांनी तो झिरपायला लागला. मेलेली समजलेली लाइन आतून भरत होती, आणि पुरवठा बंद झाला की तेच साचलेलं पाणी मागे, लोकांच्या नळाकडे ओढलं जात होतं. ती चूक आमची होती. तेव्हापासून टी-जवळ, म्हणजे जुनी लाइन चालू लाइनीतून फुटते त्या जोडाजवळ, पाइप कापून तोंडावर ब्लँक फ्लँज (बोल्टने आवळायचं बंद झाकण) बसवल्याशिवाय मी पुढचं बोलतच नाही. टी सरकारी लाइनीवर असेल तर हे काम पाणीपुरवठा खात्याकडूनच करून घ्यायचं.

उपसून काढणे

ऐकायला हे सर्वांत स्वच्छ वाटतं. खाली काहीच उरत नाही, बीड भंगारात जातं, जुन्या सांध्यांत ओतलेलं शिसंही निघतं. पण आपल्याकडे चर खणायचा तो जांभ्यात. पाइप कंपाउंडच्या चिऱ्यांच्या भिंतीला चिकटून गेलेला असतो, बाजूला विजेची केबल, वर माडाची मुळं. भंगाराचे पैसे जेसीबीच्या भाड्यातच जातात, आणि चर नीट थराथराने धुमसाने ठोकून भरला नाही तर पहिल्याच पावसात तिथे खड्डा पडतो. नवी लाइन त्याच चरातून न्यायची असेल, किंवा तिथे पाया घ्यायचा असेल, तरच उपसा.

पाइप जुन्या ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असेल तर मी तो उपसू नका असंच सांगेन. जमिनीत तो कुणाला त्रास देत नाही. कोरडा फोडला किंवा ग्राइंडरने कापला की त्याचे तंतू हवेत उडतात आणि कापणाऱ्याच्या फुप्फुसात जाऊन बसतात. जोडासाठी एखादा तुकडा कापावाच लागला तर पाणी मारत, हातकरवतीने, योग्य मास्क लावून.

तोंडं बंद करून सोडणे

सर्वांत स्वस्त. अर्ध्या इंचापासून तीन इंचांपर्यंतच्या पाइपांना एवढंच पुरतं. तो पाइप कुजून चेपला तरी वरच्या जमिनीला कळतसुद्धा नाही. दोन्ही टोकांना प्लग, त्यावर काँक्रीटचा गोळा, झालं.

मोठ्या पाइपाचं तसं नाही, आणि इथे लोकांचा अंदाज चुकतो. त्यांना भीती असते पाइप कोसळण्याची. बीड जाड असतं, ते पुष्कळ वर्षं उभं राहतं. खरा धोका हा की रिकामा पाइप गटाराचं काम करू लागतो. एका जुलैत गेटसमोरचा रस्ता बशीसारखा खाली बसला म्हणून आम्ही खणलं. तीन फुटांवर जुना पाइप सापडला, कुशीला मूठभर भोक. त्या भोकातून तांबडं पाणी आत जात होतं, सोबत माती. पाइपाच्या वर घागरभर पोकळी झाली होती आणि तिच्यावर फक्त डांबराचा पापुद्रा उरला होता. शाळेची मुलं रोज तिथूनच जात होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये कुर्टी-खांडेपारला माती खचून ओपाच्या पाणी-शुद्धीकरण प्रकल्पाहून येणाऱ्या मोठ्या लाइनी निखळल्या आणि तिसवाडी-फोंड्यात कित्येक दिवस नळ कोरडे राहिले, ते सर्वांना आठवतं. तिथे मातीने पाइप मोडला. सोडून दिलेला रिकामा पाइप उलटं करतो, हळूहळू माती गिळतो.

भरून सोडणे

रस्ता, गेट, भिंत किंवा पार्किंगखालून जाणाऱ्या सहा इंचांच्या आणि त्याहून मोठ्या लाइनीला माझं मत यालाच. खणावे लागतात ते फक्त दोन टोकांचे आणि मधल्या उंचवट्याचे खड्डे.

माल किती लागेल ते आधी काढा. ६ इंची ८० मीटर लाइनीत साधारण १.४ घनमीटर बसतो, तो जागेवर कालवता येतो. १२ इंची १०० मीटर असेल तर ७ घनमीटर, म्हणजे ६ घनमीटरच्या एका मिक्सर गाडीपेक्षा थोडा जास्त. मिश्रण ताकदीचं नको, वाहतं हवं: सिमेंट, बारीक वाळू किंवा फ्लाय ॲश (कोळशावरच्या वीजकेंद्रातली बारीक राख), थोडं बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती). गोव्यात कोळशावरचं वीजकेंद्र नाही, फ्लाय ॲश बाहेरून येते, त्यामुळे छोट्या कामाला पीपीसी सिमेंट वापरणं सोयीचं, त्यात ती असतेच. फार मोठ्या लाइनीला फोम काँक्रीट (हवेचे बुडबुडे मिसळलेलं) हलकं पडतं, पण त्याला वेगळं यंत्र लागतं.

भरण्याआधी सगळे फाटे बंद झालेत याची घरोघर जाऊन खात्री करा. एक जरी उघडा राहिला तरी स्लरी, म्हणजे हा पातळ माल, कुणाच्या तरी मोरीत निघते. पाइपातलं पाणी काढा, खालच्या टोकाने सावकाश भरा, वरच्या टोकाला हवेची नळी उभी ठेवा. त्या नळीतून आधी गंजाचं काळपट पाणी येतं, मग पातळ राखाडी, आणि शेवटी आत गेला तसाच दाट माल. तो दिसेपर्यंत थांबायचं नाही. जोर लावायचा नाही, जुने सांधे सुटतात. दुसऱ्या दिवशी माल थोडा बसलेला असतो, वरून पुन्हा भरायचा. हिशोबापेक्षा बराच कमी माल गेला तर मध्ये कुठेतरी अडलंय. बराच जास्त गेला तर बाहेर पोकळी आहे, आणि ती सापडली हे चांगलंच झालं.

त्या सोसायटीला मी सांगितलं ते असं: गेटपासून शेवटच्या इमारतीपर्यंतची मुख्य लाइन भरा, फाटे प्लग करा, बागेतला वीस फुटांचा तुकडा आंब्याच्या मुळांत आहे त्याला हात लावू नका. काम मे महिन्याच्या मध्यापर्यंत आटपा, कारण खड्ड्यांत पाणी साचलं की भरणं होत नाही. आणि नकाशावर लाइन कंपाउंडच्या भिंतीपासून किती फुटांवर, किती खोल, कोणत्या तारखेला भरली हे लिहून मीटर-खोलीच्या दाराच्या आत चिकटवा. सेक्रेटरींनी तिथेच टेप काढली आणि भिंतीपासून मोजायला सुरुवात केली. सव्वाचार फूट भरलं.