मैदानाभोवतीची वसाहत: एकेक इमारत पाडावी की सगळ्यांनी एकत्र यावे?

मुंबईत मैदानाभोवती वसलेल्या अनेक जुन्या वसाहती आज एकाच प्रश्नापाशी येऊन थांबल्या आहेत. इमारती साठ-सत्तर वर्षांच्या झाल्या, गच्ची दर पावसाळ्यात गळते, खांबांतील लोखंड उघडे पडले आणि संरचनात्मक तपासणीचा अहवाल हाती आला की सोसायटीपुढे दोन तऱ्हेचे प्रस्ताव येतात. पहिल्यात विकासक फक्त आपल्या भूखंडापुरती नवी इमारत देऊ करतो, तर दुसऱ्यात शेजारच्या आठ-दहा सोसायट्यांसह सगळी वसाहत एकत्र विकसित करण्याची योजना असते. सर्वसाधारण सभेत यावर जी चर्चा होते ती वाढीव कार्पेट (घराच्या आतले वापरण्याजोगे क्षेत्रफळ), दरमहा भाडे आणि कॉर्पस (विकासकाने सभासदांना द्यायची एकरकमी रक्कम) यांभोवती फिरते. मधल्या मैदानाचा विषय सहसा निघतच नाही, कारण ते आहेच आणि राहणारच, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. या दोन मार्गांची तुलना येथे मुद्दाम त्या मैदानाच्या बाजूने केली आहे, कारण घराच्या क्षेत्रफळावर वाटाघाट करता येते, परंतु मैदानाची कड एकदा बिघडली की ती पुढच्या पुनर्विकासापर्यंत, म्हणजे दोन पिढ्या तरी, तशीच राहते.

आधी एक भेद नीट समजून घ्यावा लागतो. आपण ज्याला मैदान म्हणतो ते महापालिकेच्या विकास आराखड्यात खेळाचे मैदान किंवा उद्यान म्हणून दाखवलेले असू शकते, किंवा ते केवळ आपल्या वसाहतीच्या मंजूर मांडणीतील मोकळी जागा असू शकते. पहिल्या प्रकारच्या जागेला कायद्याचे चांगलेच संरक्षण असते. दुसऱ्या प्रकारची जागा मात्र नवी मांडणी मंजूर करून घेताना हलवता येते, तुकड्यांत वाटता येते आणि तिचा काही भाग गाड्या उभ्या करण्याच्या मजल्यांच्या छतावर, म्हणजे पोडियमवरही नेता येतो. म्हाडाच्या किंवा जुन्या सहकारी वसाहतींमधील कित्येक ‘मैदाने’ या दुसऱ्या प्रकारची आहेत आणि तेथे पन्नास वर्षे क्रिकेट खेळलेल्या रहिवाशांना याची कल्पना नसते. प्रस्तावाचे पान उघडण्यापूर्वी महापालिकेकडून डीपी रिमार्क (विकास आराखड्यात त्या जागेची काय नोंद आहे, याचा दाखला) आणि मंजूर मांडणीचा नकाशा या दोन गोष्टी हातात असाव्यात.

एकेका इमारतीच्या मार्गाचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे दादरचे शिवाजी पार्क. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा परिसराची जी आखणी केली, तिच्यातून पुढे हा भाग आकाराला आला. मैदान 1925 मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि 1927 मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने, त्याला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले. सुमारे 28 एकरांच्या या जागेभोवती बसका कट्टा आहे, कट्ट्याबाहेर पदपथ, मग रस्ता आणि रस्त्यापलीकडे मुळात तीन-चार मजल्यांच्या, जवळजवळ एका उंचीच्या इमारतींची रांग. आज त्या रांगेतील इमारती एकेक करून पाडल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहत आहेत. रांगेचा सारखेपणा गेला, हे खरे आहे. तरीही मैदान कोणाच्या अंगणात गेले नाही, कट्टा कट्टाच राहिला आणि लांबून येणाऱ्या माणसालाही तेथे बसण्यापूर्वी कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

या उदाहरणावरून ‘एकेक इमारत पाडली तरी काही बिघडत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो आणि तेथेच चूक होते. शिवाजी पार्कात हा मार्ग निभावतो, कारण एकत्रित आराखड्याचे काम तेथे शंभर वर्षांपूर्वीच झालेले आहे. मैदान आणि इमारती यांच्यामध्ये सार्वजनिक रस्ता आहे, भूखंडांच्या हद्दी मैदानाला थेट भिडत नाहीत आणि रस्त्यांची रुंदीही बरी आहे. ज्या वसाहतीत इमारतीचे मागचे दार थेट मैदानात उघडते, मध्ये रस्ता नसतो आणि हद्दी फक्त जुन्या नकाशावर असतात, तेथे प्रत्येक सोसायटीने स्वतंत्रपणे बांधकाम केले की प्रत्येकीची उंच कुंपणभिंत, गाड्यांचा तळ आणि सुरक्षारक्षकाची चौकी मैदानाकडे तोंड करून उभी राहते. कागदावर मैदानाचा एक चौरस फूटही कमी झालेला नसतो, पण त्याची अवस्था चारी बाजूंनी पाठ फिरवलेल्या परसासारखी होते.

दुसऱ्या टोकाला वरळीच्या बीडीडी चाळी आहेत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या या तळमजला अधिक तीन मजल्यांच्या चाळींत प्रत्येकी 80 खोल्या होत्या, प्रत्येक खोली 160 चौरस फुटांची आणि शौचालये सामाईक. वरळीत अशा 121 चाळी जांभोरी मैदानाच्या आसपास पसरलेल्या आहेत, आणि म्हाडामार्फत संपूर्ण वसाहतीचा एकत्र पुनर्विकास करून रहिवाशांना 500 चौरस फुटांचे घर विनामूल्य देण्याची योजना आहे. एवढ्या मोठ्या जमिनीचा एकत्र विचार झाला की रस्ते रुंद करता येतात, मलवाहिन्या आणि पर्जन्यवाहिन्या नव्याने टाकता येतात, शाळा आणि दवाखान्यासाठी जागा काढता येते आणि मैदान कोणत्या इमारतीपासून किती अंतरावर असावे हे ठरवता येते. यापैकी एकही गोष्ट 600 चौरस मीटरच्या सुट्या भूखंडावर शक्य नाही, मग विकासक कितीही सज्जन असो.

एकत्र मार्गाची किंमत काळात मोजावी लागते. बीडीडीचे भूमिपूजन एप्रिल 2017 मध्ये झाले आणि वरळीतील पहिल्या 556 घरांच्या किल्ल्या ऑगस्ट 2025 मध्ये दिल्या गेल्या. जमीन सरकारची आणि राबवणारी संस्था सरकारी असूनही हा काळ गेला. जेथे पागडीचे भाडेकरू, घरमालकांचे वारस, दुकानदार आणि दोन-चार सोसायट्यांचे आपापसांतील जुने वाद एकत्र आणायचे असतात, तेथे याहून कमी काळ धरणे धाडसाचे ठरेल. भेंडी बाजारात सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने 2009 पासून साडेसोळा एकरांचा समूह पुनर्विकास हाती घेतला. त्याच परिसरातील हुसैनी इमारत 31 ऑगस्ट 2017 रोजी कोसळली आणि 33 माणसे दगावली. आपली इमारत अतिधोकादायक ठरलेली असेल, तर एकत्र योजनेची वाट पाहत तिच्यात राहू नये. पर्यायी घर मिळेपर्यंत बाहेर पडण्याची सोय झाल्यावरच बाकीचा विचार करावा.

मैदानाच्या दृष्टीने एकत्र योजनेत आणखी एक धोका असतो आणि त्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये एका प्रकरणात करमणुकीची किमान मोकळी जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर नव्हे, असा निर्वाळा दिला होता. त्यानंतर आलेल्या मुंबईच्या 2034 च्या विकास नियंत्रण नियमावलीत ती अट सैल झाली: आवश्यक मोकळ्या जागेपैकी किमान 60 टक्के जमिनीवर, त्यातील निम्मी प्रत्यक्ष मातीवर आणि उरलेली 40 टक्के पोडियमवर चालते. याचा अर्थ आकड्यांत पाहू. 4,000 चौरस मीटरच्या भूखंडावर सर्वसाधारण नियमाप्रमाणे 20 टक्के, म्हणजे 800 चौरस मीटर मोकळी जागा लागते. तीपैकी 480 जमिनीवर आली, 320 गाड्यांच्या डोक्यावर गेली आणि पाणी मुरेल, झाडाला मूळ धरता येईल अशी जागा उरली 240 चौरस मीटर, म्हणजे सुमारे एका बॅडमिंटन सभागृहाएवढी. माहितीपत्रकातील हिरवे चित्र मात्र 800 चौरस मीटरचेच असते. पोडियमवरच्या बागेत सोसायटीबाहेरचे मूल खेळायला येऊ शकत नाही, हे वेगळे सांगायला नको.

माणसांच्या संख्येचाही हिशेब करावा. समजा मैदान 6,000 चौरस मीटरचे, म्हणजे साधारण दीड एकराचे आहे आणि भोवती 400 कुटुंबे, म्हणजे 1,600 माणसे राहतात. तेव्हा माणशी पावणेचार चौरस मीटर मैदान येते. विक्रीच्या घरांसह कुटुंबे 1,000 झाली की हाच वाटा दीड चौरस मीटरवर येतो, आणि हे मैदान अबाधित राहिले असे धरून. एकत्र योजनेत चार एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपट चटईक्षेत्र, मिळू शकतो, त्यामुळे तिच्यात विक्रीची घरे अधिक आणि नवी कुटुंबेही अधिक. सुट्या इमारतीच्या मार्गात ही वाढ रस्त्याच्या रुंदीने आपोआप रोखली जाते, कारण अरुंद रस्त्यावर वाढीव चटईक्षेत्र वापरता येत नाही. सुट्या मार्गाच्या बाजूने बोलणारा हा माझ्या मते सर्वांत मजबूत मुद्दा आहे.

उंचीबद्दल लोक हळहळतात, पण सावलीचा नकाशा मागणारे क्वचित भेटतात. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत भर माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून साधारण साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. त्या वेळी मैदानाच्या दक्षिणेला असलेली 15 मीटर उंचीची जुनी इमारत सुमारे 14 मीटर सावली टाकते, तर तेथेच उभा राहिलेला 120 मीटरचा मनोरा सुमारे 110 मीटर. म्हणजे लहान मैदानाचा बराचसा भाग हिवाळ्यात दुपारीही उन्हावाचून राहतो आणि हिरवळ टिकत नाही. उत्तरेच्या बाजूला तोच मनोरा मैदानाला फारसा त्रास देत नाही. पश्चिमेचा मनोरा एप्रिल-मेच्या संध्याकाळी खेळणाऱ्यांना हवासाच वाटेल. एकत्र योजनेत उंच इमारती उत्तरेला आणि बुटक्या दक्षिणेला ठेवणे शक्य असते, हा तिचा खरा लाभ आहे. सुट्या मार्गात ज्याचा भूखंड दक्षिणेला त्याने उंची सोडावी असे कोणी म्हणू शकत नाही. झाडांच्या बाबतीत मात्र दोन्ही मार्ग सारखेच निर्दय ठरू शकतात. तळघराची खोदाई कुंपणाला लागून झाली की मैदानाच्या कडेचा जुना पर्जन्यवृक्ष तोडावा लागत नाही, तो मुळे गमावून दोन पावसाळ्यांत स्वतःच पडतो. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात 2021 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार 50 वर्षे किंवा त्याहून अधिक वयाची झाडे वारसावृक्ष मानली जातात, तेव्हा अशा झाडांची मोजणी आणि छायाचित्रे निविदा काढण्याआधीच करून ठेवावीत.

स्वयंपुनर्विकासाची, म्हणजे विकासकाविना सोसायटीने स्वतःच इमारत बांधून घेण्याची चर्चा अलीकडे वाढली आहे, आणि सप्टेंबर 2019 च्या शासननिर्णयाने त्याला अधिकृत पाठबळही दिले आहे. परंतु तो या दोहोंहून वेगळा असा तिसरा नकाशा नव्हे; पैसा आणि जोखीम कोणाची, एवढाच त्यात फरक पडतो. तरीही मैदानाशेजारच्या सोसायटीला त्याचा एक लाभ होतो: विक्रीची घरे किती काढायची हे सभासद ठरवतात, त्यामुळे शेवटचा चौरस फूट पिळून काढण्याची घाई नसते. ज्या सोसायटीत हिशेब ठेवणारी, वेळ देणारी चार माणसे नाहीत, तिने या वाटेला जाऊ नये.

माझा कल दोन्ही प्रस्तावांच्या मधोमध आहे. एकत्र करायचा असतो तो आराखडा. बांधकाम एकत्रच करायला हवे असे नाही. मैदान आणि इमारती यांच्यामध्ये सार्वजनिक रस्ता असेल, मैदान विकास आराखड्यात नोंदलेले असेल आणि आपला भूखंड बऱ्यापैकी रुंद रस्त्यावर असेल, तर सुटा पुनर्विकास करावा. मात्र त्यापूर्वी मैदानाभोवतीच्या सगळ्या सोसायट्यांनी आपापल्या सर्वसाधारण सभांत सारखेच ठराव करून घ्यावेत: गाड्यांचे प्रवेशद्वार मैदानाकडे नको, त्या बाजूला पोडियमची आंधळी भिंत नको, कुंपण कमरेएवढेच असेल आणि झाडांच्या बुंध्यापासून ठरावीक अंतरात खोदाई होणार नाही. हे ठराव निविदेच्या अटींत आणि मग विकसन करारात उतरले तरच त्यांना अर्थ आहे. मैदान केवळ मांडणीतील मोकळी जागा असेल, भूखंड लहान आणि हद्दी एकमेकांत गुंतलेल्या असतील, तर एकत्र योजनेवाचून गत्यंतर नाही. तेथे मात्र मैदानाची जागा, आकार आणि मातीवरचे क्षेत्र करारात आकड्यांनी लिहून घ्यावे आणि पहिल्या टप्प्यातील विक्रीच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला जाण्याची परवानगी, मिळण्याआधी मैदान वापरण्याजोगे करून देण्याची अट घालावी. शेवटच्या टप्प्यासाठी राखलेले मैदान तोवर सिमेंटची पोती आणि सळया ठेवण्याचे कोठार होऊन बसते.

सहकार कायद्याच्या कलम 79-अ खालील 4 जुलै 2019 च्या सूचनांनुसार विकासक निवडण्याच्या सभेला दोन तृतीयांश सभासदांची उपस्थिती लागते, निर्णयाला एकूण सभासदांपैकी 51 टक्क्यांची संमती लागते आणि सभेचे चित्रीकरण होते. त्या सभेत सादरीकरण संपल्यावर वास्तुविशारदाला तीन नकाशे पडद्यावर दाखवायला सांगावे: मातीवरच्या मोकळ्या जागेचा, 21 डिसेंबरच्या दुपारच्या सावलीचा आणि मैदानाच्या बाजूने दिसणाऱ्या तळमजल्याचा. तिसरा नकाशा बहुतेकांकडे तयार नसतो. तो तयार होईपर्यंत मतदान पुढे ढकलण्याचा अधिकार सभेला आहे.