‘द बिग शॉर्ट’: आधी पुस्तक की आधी सिनेमा?

अमेरिकेतल्या 2008 च्या गृहकर्ज संकटावरचं मायकेल लुईसचं पुस्तक 2010 मध्ये आलं, अ‍ॅडम मकेचा सिनेमा 2015 मध्ये. दोन्ही मला मनापासून आवडतात, पण पारडं पुस्तकाकडे झुकतं.

समजावून सांगण्यात सिनेमा पुढे. शेफ अँथनी बोर्डेन उरलेले शिळे मासे रश्श्यात टाकून नवा पदार्थ म्हणून खपवतो आणि सीडीओ, म्हणजे गृहकर्जांच्या रोख्यांचे धोक्याचे तुकडे एकत्र करून बनवलेला नवा रोखा, म्हणजे काय ते मिनिटभरात कळतं. पुस्तकात तीच पानं मी दोनदा वाचली.

पण रोखे किती सुरक्षित ते ठरवणाऱ्या मानांकन संस्था फसल्या कशा, हे पुस्तकच नीट उलगडतं. या संस्था कर्जदारांच्या पतगुणांची (क्रेडिट स्कोअरची) सरासरी बघत. निम्मे 550 चे, निम्मे 680 चे घेतले की सरासरी 615 भरते. 550 वाले कर्ज बुडवण्याची शक्यता कितीतरी जास्त, तरी कागदावर सगळं ठीक. हा हिशेब वाचून मला खरंच राग आला.

माणसांचं म्हणाल तर हे संकट आधीच ओळखून त्यावर पैज लावणाऱ्या स्टीव्ह आइजमन या फंड व्यवस्थापकाचा सिनेमात ‘मार्क बॉम’ होतो. स्टीव्ह कॅरेलनं तो जीव ओतून केलाय, पण खरा माणूस पुस्तकातच भेटतो. तशीच पैज लावणारा मायकेल बरी मात्र ख्रिश्चन बेलचाच बघावा.

शेअर बाजाराची भाषा नवी असेल, तर सिनेमा आधी बघा आणि त्याच आठवड्यात पुस्तक उघडा.