डोळ्यांवरचा डब्बा आणि पुलगावचा पूल

एका सेशनचे नऊशे रुपये, असे सहा सेशन. पुलगाव ते नागपूर गाडीभाडं आणि त्या दिवशीची टेम्पोची बुडालेली कमाई वेगळी. एवढं घालून दारूची तलफ कमी करायला डोळ्यांवर व्हीआरचा, म्हणजे खोटी जागा खरी असल्यासारखी दाखवणारा, डब्बा बांधून घेतला, त्याचं काय झालं ते आपल्या भागातल्या लोकांसाठी लिहून राहिलो. सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही आहेत.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. मी तिथे गेलो तेव्हा दारू बंद होऊन सव्वा महिना झाला होता. त्याआधी दहा दिवस दवाखान्यात भरती होतो. हातांचा थरकाप, रात्रीचा घाम, सगळं तिथे डॉक्टरच्या नजरेखाली निघालं. रोज पिणाऱ्याने मनाने एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. हा डब्बा दारू सोडवत नाही. सुटलेली परत लागू नये म्हणून तो असतो. माझी नाल्ट्रेक्सोनची, म्हणजे दारूची तलफ कमी करायची, गोळी या काळात चालूच होती. कुठे जावं समजत नसेल तर 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे.

तर डोक्याला डब्बा, बोटाला नाडी मोजायचा चिमटा. आधी समुद्रकिनारा दाखवतात, मग दारूची जागा. दर दोन मिनिटांनी सेंटरच्या मॅडम विचारतात, "तलफ किती? शून्य ते दहा." पाव्हलॉव नावाचा शास्त्रज्ञ कुत्र्याला खायला देताना घंटी वाजवायचा, मग नुसती घंटी ऐकू आली की त्याला लाळ सुटायची, आपल्याला ग्लास दिसला की सुटते. घंटी वाजवत राहायची आणि खायला द्यायचं नाही, मग लाळ हळूहळू आटते, असा सगळा हिशेब. अमेरिकेत, कोरियात वीसेक वर्षांपासून सिगारेट आणि दारूवर हे करून पाहत आहेत. औषध आणि समुपदेशनाच्या जोडीला, एकट्याने नाही.

पहिल्या दिवशी मला ज्या बारमध्ये उभं केलं, तो पाहून मलाच हसू आलं. निळे दिवे, उंच स्टुलं, बर्फ घातलेला काचेचा ग्लास. पलीकडे टाय लावलेला गोरा माणूस इंग्रजीत काहीतरी विचारून राहिला.

"किती?"

"दोन."

"खरं सांगा."

"मॅडम, अशा ठिकाणी मला दरवाजातूनच हाकलतील."

आमचा वर्धा जिल्हा गांधीजींचा, दारूबंदीचा. हातभट्टी मिळते, नाही असं नाही. पण सीलबंद पव्वा पाहिजे तर पुलगावचा पूल ओलांडायचा, पलीकडे अमरावती जिल्हा. जिनिंगला कापूस टाकला, चुकारा खिशात आला की टेम्पो आपोआप तिकडे वळायचा. पुलाच्या जोडांवर चाकं धडधडली की माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. दुकान तेव्हा दिसतही नसायचं. म्हणजे माझी घंटी ग्लास नव्हेच, पूल आहे. हे मला स्वतःलाही तिसऱ्या सेशनला समजलं.

ते तिसरं सेशन तसं वायाच गेलं. डब्ब्याची बॅटरी दहा मिनिटांत उतरली, पैसे मात्र पूर्ण घेतले. दुसऱ्या वेळी मळमळलं होतं, कारण जेवून गेलो होतो आणि कोणी आधी सांगितलं नाही. आतल्या फोमला आधीच्या माणसाच्या चमेलीच्या तेलाचा वास. चष्मा घालून तो बसत नाही. सगळ्या सूचना इंग्रजी-हिंदीत. आणि काउंटरवरचा पोट्टा म्हणतो, पाच स्टार द्या, शंभर रुपये कमी करतो. बायको दर वेळी बाहेर बाकावर बसायची. एकदा हळूच म्हणाली, "अजी, त्या डब्ब्यात बाया-बिया तं नाही दिसत तुमाले?"

मॅडमसाठी मात्र पूर्ण मार्क. पुलाचं सांगितलं तर त्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. म्हणाल्या, "या उपचाराची हीच जुनी अडचण आहे. खोलीत शिकलेलं खोलीतच राहतं, जागा बदलली की तलफ परत उभी. तुमचा पूल आणा." मी भाच्याला पाठवलं. "मामा, लोकं शेगावची रील काढते, तुमाले हा पूल कायले पाह्यजे?" म्हणत त्याने जिनिंगच्या गेटापासून दुकानापर्यंतचा आठ मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढून आणला.

डब्ब्यात तो चारी बाजूंनी फिरत नव्हता, समोर मोठ्या पडद्यासारखा होता. तरी धडधड सुरू झाली आणि नाडी 78 वरून 104 वर गेली. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"किती?"

"नऊ."

"काही करू नका. बसा. ती चढते तशी उतरते, फक्त पाहत राहा."

संपला की परत पहिल्यापासून. तिसऱ्यांदा लावला तेव्हा सहा. घशाला कोरड होती, पण दुकानाची पाटी आली तेव्हा मी तिच्यावरची अक्षरं वाचत होतो. शेवटच्या सेशनला तीनवर उतरलो.

पाचपैकी साडेतीन स्टार. मॅडम नसत्या तर दोन. आपल्याकडे हे चालवायचं असेल तर निळे दिवे काढा आणि पानठेला, जिनिंगचं गेट, बाजाराचा दिवस घाला. जमलं तर वासही. परदेशात काही ठिकाणी वास सोडतात म्हणे. आपल्याकडे मार्चमधला मोहफुलांचा वास पुरेल.

परवा साळ्याकडे कार्यक्रम होता, पूल ओलांडावाच लागला. एकट्याने जायचं नाही असं मॅडमनी बजावलं होतं, म्हणून बायको शेजारी. चाकं धडधडली तशी तिने समोर पाहतच विचारलं, "किती?"

"सहा."

तिने पिशवीतून फुटाण्याचा पुडा काढून माझ्या मांडीवर ठेवला. दुकान गेलं तेव्हा मी फुटाणेच खात होतो. खिशात तेव्हा तीनशे रुपये होते. कापसाचा चुकारा अजून यायचा आहे.