8 वॉटचा व्हॉल्व्ह अँप आणि त्याला पेलणारे स्पीकर : पावसाळाभर वापरल्यानंतर

300बी व्हॉल्व्हचा (काचेच्या नळीचा) सिंगल-एंडेड, म्हणजे चॅनेलमागे एकाच व्हॉल्व्हवर चालणारा, अँप घ्यायचे मनात असेल तर आधी स्पीकर ठरवा. चॅनेलमागे जेमतेम 8 वॉट मिळतात; ते पुरतील की तोकडे पडतील, हे स्पीकरवरच अवलंबून. माझा अँप पावसाच्या तोंडावर फोंड्याला घरी आला. चवथ उलटून गेली, अजून जवळपास रोज वाजतो.

सुरुवातीला घरातले जुने छोटे स्पीकर जोडले, सेन्सिटिव्हिटी (1 वॉटला 1 मीटरवर मिळणारा आवाज) 86 डीबी. रात्री हळू आवाजात नाट्यगीत ऐकायला गोड वाटायचे. पण तान तार षड्जाला भिडली आणि खाली तबला रंगात आला की आवाज आक्रसायचा, स्वर खरखरीत व्हायचा. ताकद दुप्पट केली की 3 डीबी वाढतात, दहापट केली की 10. म्हणजे 96 डीबीचा स्पीकर 8 वॉटांत जेवढा वाजतो, तेवढा वाजायला 86 वाल्याला 80 वॉट लागतील.

मग 96 डीबीचे 8 इंची, कागदी कोनचे फुलरेंज (सगळी पट्टी एकट्याने वाजवणारे) ड्रायव्हर मागवले आणि गावच्या मेस्ताकडून मरीन प्लायच्या पेट्या करून घेतल्या. भुसा दाबून केलेले एमडीएफ इथल्या पावसात कडांना फुगते. केसरबाई केरकर आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या, म्हणून त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका पहिल्यांदा लावल्या. व्हॉल्यूम अर्ध्यावरही नव्हता आणि आवाज चिऱ्याच्या भिंतींपर्यंत भरून आला. स्वर लावतानाचा तो दमदार आकार इतका सलग मी घरी कधी ऐकला नव्हता.

डग्गा मात्र घुमायला लागला, आणि हा भाग जाहिरातीत कुणी सांगत नाही. फीडबॅक (स्वतःचा आवाज तपासून चूक दुरुस्त करणारी जोडणी) नसलेल्या अशा अँपचा आउटपुट इंपीडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा विद्युत अडथळा, अडीच-तीन ओहम असू शकतो. स्पीकरचा इंपीडन्स एरवी 6 ओहम आणि रेझोनन्सपाशी (कोन आपोआप जास्त हलतो त्या स्वरापाशी) 40 ओहम असेल, तर तेवढ्याच पट्ट्यात आवाज सुमारे अडीच डीबी चढतो. डग्ग्याची घुमक नेमकी तिथेच सापडते. यावर मला लागू पडलेला उपाय सोपा : 8 ओहमचा स्पीकर अँपच्या मागच्या 4 ओहमच्या टॅपला (जोडणीच्या टोकाला) जोडला. ताकद थोडी घटते, पण त्या टॅपवर आउटपुट इंपीडन्स निम्मा होतो. मींड घेताना डग्ग्यावर सरकणारा तळवा त्यानंतर स्वच्छ ऐकू आला.

मडगावचा एक मित्र आपले थ्री-वे (तीन वेगळ्या ड्रायव्हरांचे) स्पीकर घेऊन आला होता. कागदावर 92 डीबी, पण 4 ओहमचे, आणि मोजमाप 2.83 व्होल्टवर. 4 ओहममध्ये तेवढ्या व्होल्टला 2 वॉट जातात, म्हणजे 1 वॉटला खरे 89. त्यातून खालच्या पट्टीत इंपीडन्स 3 ओहमपर्यंत उतरतो. माझ्या अँपवर ते निर्जीव वाजले. त्याच्या ट्रान्झिस्टर अँपवर तेच स्पीकर सुरेख वाजतात. तेव्हा डीबीचा आकडा बघाल तेव्हा इंपीडन्सचा आलेखही मागा. दुकानदार देत नसेल तर दुसरे दुकान गाठा.

फुलरेंजचे दोष आहेतच. स्पीकर थेट कानाकडे रोखले तर हार्मोनियम आणि स्त्रीस्वर टोचतात. किंचित बाहेर वळवल्यावर बरे वाटते. पखवाजाचा खालचा गंभीर नाद पुरता उतरत नाही. रॉक किंवा सिनेमा मोठ्याने ऐकणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

पावसात व्हॉल्व्हच्या सॉकेटच्या पिनांवर गंज धरून एका बाजूला कुरकुर आली होती. अँप बंद करून, पूर्ण गार झाल्यावर पिना पुसल्या आणि ती गेली. संध्याकाळी व्होल्टेज खाली बसते, म्हणून स्टॅबिलायझर लावलाच पाहिजे. शिवाय गाणे चालू असो वा नसो, हा अँप वीज तेवढीच खातो आणि खोली तापवतो. मे महिन्यात पंखा लागेल आणि तंबोऱ्यावर पंख्याची घरघर येईल, ही मला आत्तापासून काळजी आहे.

माझी खोली साधारण 12 बाय 14 फूट, वर कौले. याहून मोठी वसरी असेल तर 99 डीबीच्या आसपासचे हॉर्न स्पीकर ऐकून बघा, आणि ऐकायला जाताना स्वतःचा अँप सोबत न्या.