बसमधील जनरेटर कक्षाचे ध्वनिरोधन : भोसरीतील एका कार्यशाळेच्या कामाचे परीक्षण

आमच्या संस्थेची फिरती तपासणी बस जुन्नर, आंबेगाव आणि अकोले तालुक्यांतील आश्रमशाळांमध्ये मुलांची दृष्टी आणि श्रवणशक्ती तपासण्यासाठी जाते. ही मुळात प्रवासी बस. आसने काढून तिच्यात दोन तपासणी कक्ष आणि वातानुकूलन बसवले आहे, आणि त्यासाठी मागच्या डाव्या डिक्कीत १० केव्हीए (वीजक्षमतेचे एकक) क्षमतेचा, दोन सिलिंडरचा, हवेने थंड होणारा डिझेल जनरेटर आहे. श्रवण तपासणीत मुलाला ५०० ते ४००० हर्ट्झपर्यंतचे अत्यंत क्षीण स्वर ऐकवले जातात. आजूबाजूला इंजिनाची घरघर असेल, तर त्यातला खालचा, म्हणजे ५०० हर्ट्झचा, स्वर प्रथम बुडतो आणि चांगल्या कानाचे मूलही ‘पुढील तपासणी आवश्यक’ या यादीत जाते. त्या मुलाला घेऊन आईवडील रोजगार बुडवून तालुक्याच्या गावी जातात, म्हणून हा आवाज आटोक्यात आणणे हे आमच्या दृष्टीने तपासणीचेच काम होते.

भोसरीच्या या कार्यशाळेकडे जाण्यापूर्वी इतर दोन ठिकाणी विचारणा केली असता, डिक्कीला आतून फुगवट्यांचा फोम चिकटवून देण्याचा प्रस्ताव दोन्हीकडून आला. असे काम स्वस्तात होते आणि दिसायलाही नीटनेटके दिसते, परंतु फोम कक्षाच्या आतला घुमणारा आवाज थोडा शोषतो, बाहेर पडणारा आवाज तो अडवत नाही. आवाज अडवण्यासाठी वजन लागते. भिंतीचे वजन दुप्पट केले, तर ढोबळमानाने ६ डेसिबलचा फरक पडतो, आणि फोमला वजन जवळजवळ नसतेच. शिवाय साधा पॉलियुरेथेन फोम डिझेल आणि ऑइल पिऊन घेतो व पेट घेतो. मुले बसतात त्या गाडीत तप्त सायलेन्सरच्या शेजारी असा फोम लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भोसरीच्या कारागिरांनी साहित्याची चर्चा करण्याआधी जनरेटर सुरू करायला लावला. त्यांतील ज्येष्ठ मिस्त्रींनी डिक्कीचा दरवाजा, चॅसीची आडवी पट्टी आणि तपासणी कक्षाच्या जमिनीची फळी यांवर आळीपाळीने तळहात ठेवून पाहिला आणि मग सायलेन्सरच्या नळीला आधार देणारी पट्टी नटबोल्टसह सैल केली. त्या क्षणी आतल्या फळीची थरथर निम्म्याहून कमी झाल्याचे पायाला जाणवले. आमच्या त्रासाचा मोठा भाग हवेतून येतच नव्हता. इंजिनाचा कंप या पट्टीतून आणि कडक पडलेल्या रबर माउंटमधून, म्हणजे जनरेटरखालच्या रबरी आधारांमधून, सरळ बसच्या सांगाड्यात उतरत होता आणि सगळी फळी ध्वनिक्षेपकासारखी वाजत होती. चार फटक्यांचे (फोर-स्ट्रोक), दोन सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर सेकंदाला २५ वेळा स्फोट करते. या कंपाला रोखायचे तर माउंटची स्वतःची कंपनसंख्या त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास हवी, म्हणजे माउंट बऱ्यापैकी मऊ हवेत; पण गाडी घाटरस्त्याने जाणार असल्यामुळे खड्ड्यात जनरेटर उसळू नये यासाठी वर-खाली अटकाव करणारे रबरही हवेत. त्यांनी दोन्ही बसवले, नळीत स्टीलचा लवचिक बेलो (घड्यांचा नळीजोड) घातला आणि आधाराच्या पट्टीला रबराचा जोड दिला. या एवढ्या कामासाठीसुद्धा मी त्यांच्याकडे पुन्हा जाईन.

भिंतींचे काम त्यानंतर झाले. जाड पत्रा, त्यावर कंप जिरवणारी ब्युटाइलची चादर, मग ५० मिलिमीटर जाडीचे रॉकवूल (दगडापासून केलेली तंतुमय लोकर), त्याचे तंतू उडू नयेत म्हणून ग्लास क्लॉथ आणि सर्वांत आत छिद्रांचा पत्रा, अशी रचना आहे. तपासणी कक्षाकडच्या भिंतीत प्लायवूडच्या दोन थरांमध्ये जड व्हिनाइलची चादर जास्तीची घातली आहे. केबल जाण्यासाठीची भोके अग्निरोधक सीलंटने बुजवली आणि दरवाजाला चहूबाजूंनी रबरी पट्टी लावली, ही बारकाई मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण भिंतीच्या क्षेत्रफळाच्या केवळ १ टक्का जागा उघडी राहिली, तरी भिंत कितीही भक्कम असो, आवाज २० डेसिबलहून अधिक घटत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. इंजिनाच्या धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि आवाज ज्या फटीतून येतो त्याच फटीतून तोही येतो. कक्षात त्याचा सूचक बसवण्याचा आग्रह कार्यशाळेनेच धरला, हे मुद्दाम नोंदवतो.

खरी कसोटी हवेच्या मार्गाची होती. हवेने थंड होणारे इंजिन बंद पेटीत कोंडले, तर ते काही वेळातच तापून बंद पडते. जाळलेल्या डिझेलच्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भागच कामाला येतो, उरलेली उष्णता धुरावाटे आणि हवेवाटे बाहेर जावीच लागते. हवेला वाट द्यायची आणि आवाजाला द्यायची नाही, हे साधण्यासाठी त्यांनी आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा नागमोडी डक्टमधून नेली व डक्टलाही आतून रॉकवूलचे अस्तर दिले. दोन्ही तोंडे एकमेकांपासून दूर, एक बाजूला आणि एक मागे जमिनीकडे, ठेवल्यामुळे बाहेर टाकलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जात नाही. मात्र चाचणी घेताना त्यांनी एकच वातानुकूलन यंत्र चालवून काम आटोपले होते. दोन्ही यंत्रे, कॉम्प्रेसर आणि दिवे एकत्र लावून, भर दुपारी तासभर जनरेटर चालवण्याची मागणी मला करावी लागली. त्यातून तो सुखरूप पार पडला, तरी ही चाचणी ग्राहकाने मागण्याआधीच व्हायला हवी.

नव्या डिझेल जनरेटरसाठी त्याच्या आवरणापासून १ मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा २००५ पासून लागू आहे. आमचा संच आवरणाविना बसवलेला असल्यामुळे हाच आकडा आम्ही कामाच्या अटींत लिहून दिला होता, आणि डिक्कीबाहेर मोजणी त्याच्या आत आली. कक्षातील आवाज ‘ए’ मापनपद्धतीने ६७ वरून ५१ डेसिबलवर उतरला. पण ‘ए’ पद्धतीत खालच्या स्वरांचा आवाज कमी धरला जातो, म्हणून ‘सी’ पद्धतीनेही मोजण्याचा सल्ला मी प्रत्येकाला देईन. त्या मापात घट ९ डेसिबलचीच दिसली. सेकंदाला २५ कंपांची ती खोल गुरगुर ५० मिलिमीटरच्या रॉकवूलला दाद देत नाही. त्यामुळे श्रवण तपासणी चालू असताना आम्ही आजही जनरेटर बंद ठेवून उपकरणे बॅटरीवर चालवतो आणि मधल्या वेळात कक्ष पुन्हा थंड करून घेतो. ध्वनिरोधनानंतर असे करण्याची गरज उरणार नाही, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. दृष्टी तपासणी मात्र आता जनरेटर चालू असतानाही सामान्य आवाजात बोलत होते, आणि पटांगणालगतच्या वर्गांना खिडक्या लावून घ्याव्या लागत नाहीत. शाळेभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात, तेव्हा तपासणीसाठी आलेल्या गाडीने तेथे शांतता पाळणे हे आमचे कर्तव्यच आहे.

खर्च सव्वा लाखाच्या आसपास झाला. बेलो आणि सायलेन्सरचे काम मूळ अंदाजपत्रकात नव्हते, ते नंतर वाढले. गाडी ठरल्यापेक्षा उशिरा मिळाली. कक्षाचे वजन अंदाजे सव्वाशे किलोंनी वाढल्यामुळे पाण्याची टाकी उजव्या बाजूला हलवावी लागली, आणि याची कल्पना त्यांनी आधी द्यायला हवी होती. छिद्रांच्या पत्र्याच्या कडा दोन ठिकाणी धारदार राहिल्या होत्या, त्या त्यांनी विनातक्रार घासून दिल्या. सर्वांत मोठी उणीव एअर फिल्टरची आहे. धुळीच्या रस्त्यांवर तो वारंवार काढून झटकावा लागतो, आणि आता त्यासाठी आठ बोल्टचे संपूर्ण पॅनेल उतरवावे लागते, ज्यात चालकाचा बराच वेळ जातो. तेथे बिजागरीचे, रबरी पट्टी असलेले छोटे दार करून देण्याचे कार्यशाळेने मान्य केले आहे. दिवाळीच्या सुटीत शाळा बंद असतील तेव्हा बस त्यासाठी भोसरीला पाठवणार आहोत.